कावळ्यांच्या झाडाखालची काठी

हिल्केनं लेकीच्या कोटाची बाही धरून हलकेच खाली ओढली, पण गेर्ब्रिख बसली नाही.

फ्रीसलंड या डच प्रांतातल्या एका गावात दूध संघाची वसंतातली बैठक भरली होती. दरवर्षीप्रमाणे शाळेतली मुलं गाऊन झाली होती:

टिटवीबाई, टिटवीबाई, तुरा कशाला?
वसंताची वर्दी देते साऱ्या देशाला.

टाळ्या झाल्या, मुलं आपापल्या आईबापांजवळ जाऊन केक खाऊ लागली. गेर्ब्रिख तेवढी बापाशेजारी उभी राहिली.

"आमच्या मोठ्या कुरणात उद्या गवत कापणार आहेत," ती म्हणाली. आवाज बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "गेल्या वर्षी मी यंत्राच्या मागून चालत गेले होते. बाबांनी टिटव्यांच्या घरट्यांजवळ काठ्या रोवल्या होत्या. पण काही घरटी राहून गेली. मी पाहिलीत ती, चिरडलेली. यंदा पिल्लं बाहेर पडेपर्यंत सगळ्यांनी थांबा ना."

कपात फिरणारे चमचे थांबले. मग मागून शेजारचा रिन्से ओरडला, "हिल्के, तुझं काही खरं नाही रे! संघाच्या अध्यक्षबाई तुझ्या घरातच तयार होतायत!"

सगळे हसले. हिल्केही हसला, पण त्याचे कान तापले होते. घरटी राहून गेली, आणि तीही त्याच्या नजरेतून! वसंतात गावातलं टिटवीचं पहिलं अंडं शोधण्यात लहानपणी त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. याच सभागृहाच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, टोपीत अंडं घेऊन उभा. आता अंडी कुणी उचलत नाही. घरट्याजवळ विलोच्या झाडाची काठी रोवायची, म्हणजे यंत्र वळसा घालून जातं. पण मान अजूनही नजरेलाच होता.

परतताना दोघांच्या सायकली कालव्याकाठानं चालल्या होत्या.

"घरातलं असं चारचौघांत बोलतात का?"

"घरात बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बघू."

"परवापासून पाऊस लागणार, बाळा. गवत कुजलं तर गायींनी हिवाळ्यात काय खायचं?"

तिनं पायडलवर जोर दिला. तिची सायकल पुढं निघून गेली.

सकाळी दव ओसरू लागल्यावर गावभराचं गवत कापणारा आउके यंत्र घेऊन आला. हिल्के फाटक उघडायला गेला आणि तिथंच थबकला. काल त्यानं मोजक्या काठ्या रोवल्या होत्या. आज रानभर काठ्या उगवल्या होत्या. चराच्या कडेला, दाट उंच गवतात, जिथं टिटवी पाऊलही टाकत नाही तिथं. आणि एक तर थेट पॉपलरच्या झाडांच्या रांगेखाली, जिथं दिवसभर कावळे बसलेले असतात.

गेर्ब्रिख फाटकाशी उभी होती. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, नखांत चिखल. ती कावळ्यांकडे बघत होती.

"हे काय रे?" आउकेनं टोपी मागं सारली. "टिटव्यांनी जत्रा भरवली काय? इतकं गवत सोडलंस तर गायी टिटव्याच खातील हिवाळ्यात!"

"खाऊ देत."

"आणि ती झाडाखालची? कावळ्यांच्या ताटात जाऊन कोण अंडी घालतं? तुला सांगायला हवं का हे? उपट ती."

हिल्के झाडापर्यंत चालत गेला. मागं फाटक करकरलं. तिनं ते घट्ट धरलं असावं. त्यानं वाकून हातानं गवत दुभंगलं. आत नुसतं दव. काठी कलती होती, घाईघाईत रोवलेली. त्यानं ती धरली. मग सरळ करून खोल दाबली.

"आहेत!" तो ओरडला. "अंडी आहेत इथं. वळसा घालून जा."

आउके त्याच्याकडे बघतच राहिला. "डोळे गेले तुझे, हिल्के. संध्याकाळपर्यंत गावभर होईल हे."

"होऊ दे."

यंत्र सुरू झालं. एकेका काठीला वळसा घालत, मागं हिरवी बेटं सोडत ते पुढं सरकू लागलं. कुरणाच्या मधोमध येतंय तोच समोरून एक टिटवी उडाली. तुरा ताठ, किंचाळत यंत्रावर झेपावली, वळली, पुन्हा झेपावली. तिथं ना बापाची काठी होती, ना लेकीची.

हिल्केनं दोन्ही हात वर केले. यंत्र थांबलं.

तो वळला तेव्हा गेर्ब्रिख धावत जवळ आलेली होती. तिनं पाठीमागे धरलेली काठी पुढं केली. शेवटचीच होती.

हिल्केनं ती घेतली नाही.

"तू बघ घरटं कुठंय ते," तो म्हणाला.

ती गवतात शिरली. एकेक पाऊल जपून टाकत, वाकून बघत निघाली. आणि बाप तिनं जिथं पाय ठेवला होता तिथंच पाय ठेवत मागून चालला.