तडा गेलेली सोंगटी

पाणबाईने चिमट्याने सोंगटी उचलून दिव्याखाली धरली आणि तिचं डोकं तापलं. लाकडाला वरपासून बुडापर्यंत तडा गेला होता. शुक्रवारी तो नव्हता.

बुडालेल्या जहाजातून पाणबुड्यांनी वर काढलेली ती सोंगटी दोन वर्षं तिच्या ताब्यात होती. लाकडातलं मीठ उतरावं म्हणून ती रोज पाणी बदलायची; त्यावरूनच संग्रहालयात तिला हे नाव पडलं होतं. असं लाकूड एकदम वाळलं तर फाटतं, हे शिपायालाही पाठ होतं.

ती तशीच साहेबांच्या खोलीत शिरली.

"पाहुण्यांना दाखवायला काढली होती," साहेब म्हणाले. "तासभर."

"शिपाई सांगतो, रविवार संध्याकाळपर्यंत तुमच्या टेबलावर होती."

"झालं ते झालं. सापडली तेव्हाच तडा होता असं लिहून टाक. एवढीशी तर सोंगटी."

"तीनशे वर्षं समुद्रात टिकली," ती म्हणाली. "तुमच्याकडे दोन दिवस नाही टिकली."

"आवाज खाली."

आवाज तिने चढवलाच नव्हता. तिने हातमोजे ओढून काढले, एक फाटला.

आपल्या टेबलाशी येऊन तिने अहवाल लिहायला घेतला. साहेबांचा हुद्दा लिहिताना पेनाचं टोक कागदात रुतलं. "सोंगटीच्या कपाटाची चावी घेऊन," इथवर आली आणि हात थांबला.

शुक्रवारी साहेबांनी चावी मागितली, तेव्हा ती पर्स खांद्याला लावून निघाली होती. कशाला हवी, हे विचारायचा नियम होता. तिला अंदाजही आला होता. पण तिच्या बढतीचा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होता. तिने मुकाट्याने चावी दिली होती.

तिने कागद टराटरा फाडला. बराच वेळ दात आवळून बसली. मग दुसरा घेतला आणि न थांबता लिहून साहेबांसमोर ठेवला.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"वेडी आहेस का? यात तूही अडकशील."

"पहिलं वाक्य माझ्याच चुकीचं आहे," ती म्हणाली आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.