सहा जणांचा संघ, त्याच सहा जणांचा बँड

वेल्बी हायस्कूलने हार्लोला हरवलं. एक्केचाळीस-चाळीस. एकतीस वर्षांनी.

पण हे अजून घडलेलंच नाही, असं धरून चालू. कारण मध्यंतराला फलक म्हणत होता: हार्लो चोवीस, वेल्बी आठ.

ओडेसा व्हर्बका हेल्मेट न काढताच अंगावर ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, चढवत होती. शाळेत मुलं अकरा. चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या संघात सहा, बँडमध्येही तेच सहा. त्यामुळे दरवर्षी मध्यंतरात हार्लोची पोरं खोलीत पाय पसरून संत्री खायची, आणि वेल्बीची पोरं चिखलाने माखलेली मैदानभर वाजवत फिरायची. मग उत्तरार्धात दमून हरायची.

यंदाचं हरणं मात्र जिव्हारी लागणार होतं. मे महिन्यात वेल्बीची शाळा बंद होऊन हार्लोच्या शाळेत विलीन व्हायची होती. हा सामना जो जिंकेल त्याचं शाळागीत पुढे चालेल, असं ठरलं होतं. हार्लोवाल्यांनी ही अट हसत हसत मान्य केली होती. वेल्बीचं गीत १९०९ सालचं. कडवी सात, त्यातली दोन साखरेच्या बीटच्या पिकावर. ओडेसाच्या पणजोबांपासून सगळ्यांनी ते गायलेलं.

"कोच, आज वाजवणं राहू दे ना," ओडेसा म्हणाली. "पायात जीव नाही."

"कोच म्हणून मला पटतंय," मिस्टर कुबिचेक म्हणाले. मग त्यांनी टोपी बदलली. "बँडमास्तर म्हणून साफ नाही. त्या कोचचं ऐकू नकोस, पोरी. माणूस बरा आहे, पण सुरातलं त्याला ओ की ठो कळत नाही."

वाजवलं. तरीही पोरं झुंजली. चार सेकंद उरले तेव्हा हार्लो चाळीस, वेल्बी पस्तीस. वेल्बीकडे डाव तीनच, आणि ते हार्लोच्या पोरांना वेल्बीपेक्षा जास्त पाठ.

"ए ट्यूबा!" समोरचा धिप्पाड पोरगा ओरडला. "घरी जा, गाई वाट बघतायत!"

"हो ना, सकाळीच तुझी चौकशी करत होत्या."

तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मैदानावर बँडमधलं कोण कुठे वळतं, ती चाल गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होती. एकतीस वर्षांत ती पाहिली नव्हती फक्त हार्लोच्या संघाने. ते संत्री खात होते.

"पहिलं कडवं," तिने घोळक्यात सांगितलं.

"वाद्यांशिवाय?" संघातल्या टायने विचारलं.

"चेंडू माझ्याकडे. बाकी नेहमीचं."

ओडेसाने चेंडू टायला दिला, टायने गिरकी घेत परत तिच्या हातात ठेवला. दोन कर्णेवाले ऐटीत डावीकडे निघाले, ढोलवाले उजवीकडे. ते ओळखून प्रेक्षक उभे राहिले आणि गाऊ लागले. हार्लोची पोरं कर्ण्यांमागे पळाली, ढोलांना जाऊन भिडली. मधे रस्ता मोकळा. ट्यूबावाली नेहमी जाते तशी ओडेसा गुडघे उंच उचलत सरळ गेली. धावली नाही, त्या कडव्यात धावणं नाही. वेळ संपली, पण सुरू झालेला डाव पुरा होईपर्यंत खेळ थांबत नाही. चौथ्या ओळीला तिने शेवटची रेषा ओलांडली, त्याचे सहा गुण मिळाले आणि शिट्टी झाली. गाव मैदानात घुसलं. कुबिचेकांनी दोन्ही टोप्या हवेत उडवल्या.

सोमवारी ओडेसाने अर्ज लिहिला. त्यावर कुबिचेकांनी मुख्याध्यापक, कोच, बँडमास्तर आणि बसचालक अशा चार सह्या केल्या:

"मा. शिक्षण संचालक यांस. सामना संपल्याची शिट्टी झाली तेव्हा विजयी शाळेचे गीत पहिल्याच कडव्यात होते. उर्वरित गीत वेल्बीचे नागरिक दरवर्षी एक ओळ याप्रमाणे पूर्ण करणार आहेत. तरी गीत संपेपर्यंत शाळा बंद करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."