इंदिराचा गवती चहा

माझी बायको इंदिरा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गोरखपूर बाजारात गवत कापायचं पेट्रोलचं मशीन घेत होतो. ती दवाखान्यातून यायच्या आत मागचं अंगण साफ करायचं होतं. "अंकलजी, ब्लेड की तार?" दुकानदारानं विचारलं. तिच्या झाडांना लागू नये म्हणून मी नायलॉनची तार घेतली.

पुढं मशीन तसंच पडून राहिलं आणि गवत वाढत मागच्या दाराला टेकलं. सापाच्या भीतीनं दार बंदच. शेवटी बाहेरून वळसा घालून गेलो आणि मशीन चालू केलं. थोडं कापलं, तोच धुरात गवती चहाचा वास आला. मी थांबलो.

"काहून थांबले?" कुंपणापलीकडून शेजारी शालिग्राम म्हणाले.

"यात इंदिराचा चहा आहे."

"कुठं?"

एवढ्या गवतात तो तिलाच ओळखू यायचा.

"फुटंल ना परत. चलो, करा चालू," शालिग्राम म्हणाले.

मला जमलं नाही. मागचं दार बंद आहे. अर्धं अंगण कापायचं राहिलं आहे.