बांगड्यांवर येणारं पाखरू

“मास्तरीणबाई, चारतानी बांगड्यांले फडकं बांधत जा,” शेजारची तानुबाई म्हणाली होती. “त्या आवाजाचा लळा लागला तर माळावर कसं जगंल ते?”

सुलभा नुसती हसली होती. कॉलेज शिकलेली बाई. काचेच्या बांगड्यांनी पाखरू बिघडतं, हे तिला कसं पटावं?

अंडं आणलं होतं तिच्या नवऱ्यानं, अनंत मास्तरांनी. साखरखेर्ड्याच्या वाटेवर माळ फोडून शेत करणं चाललं होतं, आणि नांगराच्या पुढ्यातच माळढोकाचं ते एकुलतं अंडं. तानुबाईच्या खुडूक कोंबडीखाली ते उबलं. पिलू दाण्याला तोंड लावीना, म्हणून सुलभा नाकतोडे पकडून हातानं भरवू लागली. बांगड्या किणकिणल्या की पिलू मान ताणून धावत यायचं. दिवाळीपर्यंत ती मादी सुलभाच्या कमरेला लागली, कुंपणावरून उडू लागली. माळावर अजून दोन-चार माळढोक उरले होते. त्यांच्यात तिला सोडायचं ठरलं.

त्या दिवशी निघताना मात्र सुलभानं बांगड्यांना रुमाल गुंडाळला.

माळावर, नाल्याच्या अलीकडे डालगं उघडलं. मादी बाहेर आली, गवतात चोच मारत दूर गेली. बाभळीआड अनंतरावांच्या कडेवर त्यांचा लहानगा वैजू होता. त्याच्यावर सुलभानं छत्री धरली होती. तिचा डोळा एकदा लेकरावर, एकदा पाखरावर.

एवढ्यात चढावरून घुंगरमाळा वाजल्या. बैलगाडी. कडब्याआड दोन माणसं, आणि मध्ये बंदुकीची नळी. माळढोक गाडीला बुजत नाही, हे शिकाऱ्यांना ठाऊक असतं. ही तर बुजणं राहिलं बाजूला, मान ताणून घुंगरांकडेच निघाली.

“ओरडा ना हो!”

“घरात रोज ओरडतोच की आपण. तिला त्याचं काय?”

गाडी थांबली. नळी वर आली. सुलभानं छत्री मिटली, रुमाल दातांनी ओढून टाकला आणि हात हलवत उघड्यावर धावली. बांगड्या वाजल्या. मादी थबकली, वळली आणि पळतच तिच्याकडे आली.

“बाई, मधून हटा!” गाडीतून कुणी खेकसलं.

ती हटली नाही. मादीनं नेहमीसारखी चोच तिच्या तळहाताकडे नेली. लेकरू घास मागतं तशी. हीच वेळ होती. एका हातानं बांगड्या वाजवत सुलभानं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर छत्री फटकन उघडली. सुलभा किंचाळली, तिच्या मागे धावली, परत बांगड्या, परत छत्री. मादी भेदरून उडाली. जड पंखांनी नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली.

“पाळलेलं होतं व्हय?” गाडीवान हसला. “मंग रांधून तरी खायचं, बाई!”

वैजू आईला भिऊन रडत होता. तिनं हात पुढे केले तरी तो येईना.

संध्याकाळी तानुबाईनं विचारलं, “आली का मांगं?”

“नाही.”

“मंग काऊन रडता?”

एका भेदरण्यानं सगळा लळा तुटतो का, हे सुलभाला कोण सांगणार? तिला तर तिकडे जाण्याची चोरी; तिला पाहून लळा परत जागा झाला तर? तेव्हा बायांनो, चिखलीहून साखरखेर्ड्याकडे निघालात तर नाल्याशी जरा थांबा. आधी शिकारी नाहीत ना, ते बघा. मग बांगड्या वाजवा. ती आली नाही, तर सुलभाला तेवढं कळवा. आली, तर हातात छत्री असू द्या.