मीटरच्या जागी सुमतीबाई

"शालिकराम भाऊ, यात मीटर कुठं दिसून राहिला तुमाले?"

चेतनने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. शालिकराम धकातेने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून पाहिलं. ग्राहक क्रमांक बरोबर होता. नाव बरोबर, महाल भागातला पत्ता बरोबर, रीडिंगचा आकडाही त्यानेच टाकलेला. फक्त त्याखाली, जिथे मीटरचा फोटो असायला हवा, तिथे एक म्हातारी बाई बसली होती. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा, आणि बाई तोंड भरून हसत होती.

"बाप्पा!" शालिकराम म्हणाला. "ह्या तं दंडिगे काकू होय."

"काकू होय ते मलेबी दिसून राहिलं. रीडिंग काकूंचं घेतलं का तुम्ही?"

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. चेतन हसला नाही. मीटर रीडिंगचं कंत्राट घेतलेल्या एजन्सीचा तो सुपरवायझर; शालिकरामपेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. सकाळीच त्याला वरून फोन आला होता आणि चांगली खरडपट्टी निघाली होती. बिल छापून घरोघरी गेलंही होतं. बिलावर एका कोपऱ्यात मीटरचा फोटो छापतात, त्या चौकोनात दंडिगे काकू शेंगा सोलत बसल्या होत्या.

"त्यायनं तक्रार केली का जी?" शालिकरामने विचारलं.

"अजून नाही केली. पण केली तं? पेपरात आलं तं? हे पाहा, संध्याकाळपर्यंत ते बिल परत आणा. दुसरं काढून देतो. आणि माझी काही तक्रार नाही असं त्यांच्या सहीचं लिहून आणा. नाहीतर तुमचा आयडी बंद करा म्हणते वरचे. माह्या हातात मग काही राहणार नाही, सांगून ठेवतो."

आयडी बंद म्हणजे मोबाइलमधलं ॲप उघडणार नाही, आणि ॲप उघडणार नाही म्हणजे काम गेलं.  शालिकरामने चष्मा काढून खिशात ठेवला, पण निघताना पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. फोटो सरळ आला होता. बाईंच्या डाव्या गालावर ऊन होतं आणि हाताच्या शिरासुद्धा दिसत होत्या.

एकवीस वर्षं तो हे काम करत होता. आधी वहीत आकडे लिहून आणायचे, मग मशीन आलं, मग मोबाइल. मोबाइल आल्यापासून प्रत्येक मीटरचा फोटो काढावा लागे. बाकीचे लोक चालता चालता काढत. कुणाच्या फोटोत आकड्यांवर उजेड चमके, कुणाच्या फोटोत अर्धी भिंतच येई. शालिकरामचा फोटो कधी परत आला नव्हता. तो आधी मीटरची काच पुसे, उजेड कुठून येतो ते बघे, श्वास रोखून हात स्थिर करे आणि मगच बटण दाबे. त्याचे वडील उमरेडला हातमागावर बसत. कापडात एक धागा तिरपा गेला तरी त्यांना तो लांबून दिसे. शालिकरामने माग कधी चालवला नाही, पण तिरपं काही खपवून न घेण्याची खोड तेवढी बापाकडून आली होती.

महालाकडे गाडी चालवताना त्याला तो दिवस आठवत गेला.

सुमतीबाई दंडिगे तळमजल्यावर एकट्या राहत. बिल्डिंगचे सगळे मीटर जिन्याखाली, त्यांच्या दारासमोरच होते. पेटीला टेकवलेली कुणाची सायकल आधी बाजूला करावी लागे, तोवर काकू दोन शब्द बोलत. जिल्हा कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली होती. बोलणं अजून तसंच होतं, एकही अक्षर न गाळता. त्या दिवशी त्या दारातल्या उन्हात शेंगा सोलत बसल्या होत्या आणि शेजारी एक जाडजूड अल्बम पडला होता.

"शालिकराम, हे बघा बरं जरा. ओळखा पाहू कोण आहे."

त्याने अल्बम उघडला. पैठणी, नथ, मागे पितळी समया आणि झेंडूच्या माळा. मधोमध एक गोरीपान, गुळगुळीत चेहऱ्याची बाई.

"तुमची बहीण होय का जी?"

सुमतीबाई समाधानाने म्हणाल्या, "तेच म्हणते मी. अहो, मीच आहे ती! पंचाहत्तरीला उन्मेष पुण्याहून आला होता नं, त्यानं फोटोवाला बोलावला. दोन छत्र्या, चार दिवे. मान अशी करा, हनुवटी तशी करा. शेवटी सुरकुत्यासुद्धा पुसून टाकल्या. पंचाहत्तर वर्षं लागली हो त्या यायला."

"मंग उन्मेषभाऊले सांगतलं नाही?"

"कशाला? एवढ्या हौसेनं केलं पोरानं. छान आहे म्हटलं." त्यांनी एक शेंग उघडली. "पण मला माझा एक फोटो हवा होता. तुम्ही ते मीटरचे काढता नं, तसा. जे असेल ते."

शालिकरामचा तेव्हा आकडा टाकून झाला होता आणि ॲपचा कॅमेरा उघडा होता. तो वळला. तेवढ्यात काकूंनी सोललेल्या शेंगेतून एक हिरवी अळी निघाली, चष्मा सावरताना ती बोटावरून थेट काडीवर चढली, आणि काकू खळखळून हसल्या. त्याने बटण दाबलं. आणि दिवसातून शंभर-दीडशे वेळा अंगठा जे करतो तेच अंगठ्याने केलं. "सबमिट."

घरी जाऊन त्याने फोटो शोधला तर मोबाइलमध्ये नव्हता. निघालाच नसेल म्हणून त्याने तो विषय सोडून दिला होता.

सुमतीबाईंचं दार उघडंच होतं. त्याला बघताच त्या उठल्या.

"या, या! मी तुमचीच वाट बघत होते. अहो, आयुष्यात पहिल्यांदा विजेचं बिल बघून आनंद झाला मला. सगळ्या बिल्डिंगला दाखवून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या चिन्मयीनं तर मोबाइलवर फोटोचा फोटो काढून घेतला."

शालिकराम उंबऱ्याशीच उभा राहिला. "काकू, थे बिल परत पाहिजे होतं."

"परत? का म्हणून?"

त्याने सगळं सांगितलं. चेतनचं, वरच्यांचं, आयडीचं. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण या वयात नोकरी वाचवायला एका बाईच्या दारात उभं राहावं लागलं होतं. सुमतीबाईंचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या-भांडं आणून त्याच्यासमोर ठेवलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा आधी. तुमची नोकरी जाऊ द्यायची नाही, हे ठरलं. आता अर्जाचा मजकूर बघू."

टाइपरायटर केव्हाच गेला होता. त्यांनी कोरा कागद घेतला, डावीकडे बोटभर समास सोडला आणि लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं.

"महोदय, माझ्या चालू महिन्याच्या देयकावर मीटरऐवजी माझे छायाचित्र छापले गेले आहे. सदर छायाचित्र माझेच असून ते स्पष्ट व वाचनीय आहे. ते माझ्याच विनंतीवरून काढण्यात आले होते. त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. मूळ देयक सोबत परत करीत आहे. कळावे. बरोबर आहे नं?"

"वाचनीय हे..." शालिकराम अडखळला.

"अहो, मीटरच्या फोटोला हाच शब्द लागतो. तुमच्याच बिलाच्या मागे छापलाय." त्यांनी सही केली, तारीख घातली. मग देवघरातल्या डब्यातून बिल काढलं आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. "पण दुसरी प्रत नाही नं याची? चिन्मयीच्या मोबाइलमधला तर सगळा धूसर आलाय."

"नाही जी. ॲपमध्ये काही राहत नाही, अन् ऑफिसातला कोणाले देत नाही." त्याने खिशातून मोबाइल काढला. "मी दुसरा काढून देतो नं. आत्ता काढतो."

सुमतीबाई लगेच सावरून बसल्या. पदर नीट केला, मान ताठ केली, हनुवटी वर. शालिकरामने पडद्यात पाहिलं आणि हात खाली घेतला.

"असं नको, काकू."

"मग कसं?"

"कसंच नको. मी इथं नाही असं समजा."

"समजा म्हटल्यानं समजता येतं का हो?" पण त्यांनाही हसू आलं. "बरं, राहू द्या थोडा वेळ. मला एक काम आहे."

त्या उठून कात्री घेऊन आल्या, दाराशी उजेडात बसल्या आणि बिल मांडीवर पसरलं. शालिकरामला आधी काही कळलं नाही. चष्मा नाकावर ओढून, जिभेचं टोक दातांत धरून त्या चौकोनाच्या रेषेवरून अगदी सावकाश कात्री चालवू लागल्या. तो खुर्चीतून उठला. मोबाइलची काच शर्टाच्या टोकाने पुसली. ऊन दारातून येऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं, तेवढं पुरे होतं. त्याने श्वास रोखला.

"झाला?" मान वर न करता सुमतीबाईंनी विचारलं.

"झाला जी."

त्याने मोबाइल समोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, "हं. ही मीच. पण हातात कात्री काय?"

"कात्री राहू द्या. थे तुमचंच काम होय."

त्यांनी फोटो आपल्या मोबाइलवर मागवून घेतला. "रविवारी उन्मेषचा फोन येतो, तेव्हा पाठवीन. नाही, नको. आधी थोडे दिवस मीच बघते." मग कापलेला चौकोन वहीत ठेवून त्यांनी बिल घडी घालून त्याच्या हातात दिलं. कोपऱ्यात नखाएवढ्या फोटोच्या जागी नीटस खिडकी झाली होती.

"काकू, हे असं कसं चालंन?"

"अर्जात काय लिहिलंय? देयक परत करीत आहे. छायाचित्र परत करीत आहे असं कुठं लिहिलंय? तुमच्या साहेबांना म्हणावं, वाचून घ्या."

चेतनने अर्ज दोनदा वाचला. मग बिल उघडलं आणि त्या चौकोनातून पलीकडे बसलेला शालिकराम त्याला दिसला.

"याले भोक काहून आहे गा?"

"थो भाग त्यायचा होय म्हणते."

चेतन आधी कपाळाला हात लावून बसला आणि मग त्याला इतकं हसू आलं की त्याला पाणी प्यावं लागलं. त्याने बिलामागे पांढरा कागद चिकटवला, अर्ज त्याला टाचला आणि फाइल बंद केली. "जा भाऊ. उद्या तुमच्या नंदनवनातल्या मीटरच्या लाइनी करून टाका. आणि पाहा, मीटरचेच काढजा."

शालिकराम घरी पोचला तेव्हा नंदनवनच्या गल्लीत अजून उजेड होता. त्याच्या बायकोने, रत्नमालेने शिलाई मशीन दाराशी ओढलं होतं. संध्याकाळी ती तिथेच बसून बायकांच्या साड्यांना फॉल लावायची. त्याने पायरीवर बसून चपला काढल्या आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. अर्जातला "वाचनीय" ऐकून ती हसली. कात्रीचं ऐकून तिने मशीन थांबवलं.

"दाखवा तं."

तिने फोटो पाहिला. बोटाने मोठा करून पाहिला, सुमतीबाईंचे हात, जिभेचं टोक. बराच वेळ पाहिला.

"चांगला काढला," ती म्हणाली. मग हातशिलाईच्या सुईत दोरा ओवायला लागली, आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "लोकायच्या घरचे मीटर पुसून पुसून काढता. माहा कधी एक काढला का?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शालिकराम मनातल्या मनात आठवू लागला. सत्तावीस वर्षं झाली होती लग्नाला. फोटो होते, लग्नातले, लेकीच्या, ऋतुजाच्या बारशातले, कुणाकुणाच्या मांडवातले. सगळे दुसऱ्यांनी काढलेले, आणि सगळ्यांत ती कुणाच्या तरी मागे उभी.

"थांबा, साडी बदलून येतो," रत्नमाला उठायला लागली.

"बस वं. उजेड जाते. आहे तशीच बस."

"ही जुनी आहे."

"राहू दे. दोरा ओव तू आपला."

ती पुन्हा बसली. सुई डोळ्यांसमोर धरून तिने एक डोळा बारीक केला. दोरा दोनदा हुकला. तिसऱ्यांदा गेला, आणि ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं, ते कुणासाठी नव्हतं. त्याने तेव्हाच बटण दाबलं.

मोबाइल तिच्या हातात देऊन तो शेजारी उकिडवा बसला. रत्नमाला बघत राहिली.

"केस लय पिकले नं माहे."

"हो."

"सांगतलं नाही तुम्ही कधी."

"मलेच आत्ता दिसले वं."

 मोबाइल तिने जपून त्याच्या हातात परत दिला. कपाळावर आलेली पांढरी बट कानामागे सारायला हात वर नेला, मग तो तसाच खाली घेतला, ओवलेली सुई पदराला टोचली, साडीचा काठ मशीनच्या सुईखाली सरळ केला आणि पायाने मशीन चालू केलं.