माझे जास्तीचे दीड इंच

मित्रांनो, माणसाची सारी सभ्यता मापावर उभी आहे. माप नसते तर घरांना दारे नसती, दारांना पडदे नसते आणि मोठमोठ्या वक्त्यांच्या विजारी भर सभेत खाली आल्या असत्या. ते माप म्हणजे मी. मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात असते ती. लांबी साठ इंच. म्हणजे छापलेली साठ. प्रत्यक्षात साडेएकसष्ट.

हे दीड इंच मी चोरलेले नाहीत. कारखान्यातून निघाले तेव्हा मी चोख होते. मेणकापडाचे पिवळे अंग, काळे आकडे, दोन्ही टोकांना पितळी पत्रे. मग मी आमच्या मास्तरांच्या गळ्यात पडले. मास्तर म्हणजे चौकातल्या कोपऱ्यावरचे शिंपी. चाळीस वर्षे त्यांनी मला छात्यांभोवती आवळले, बाह्यांवरून ओढले आणि विचार करताना दोन्ही हातांनी ताणले. ते विचार फार करत. मी वाढत गेले.

गंमत अशी, की कपडा एकही बिघडला नाही. माप माझ्यावर घ्यायचे आणि कापडही माझ्यावरच बेतायचे, मग माझा इंच जरा लांब असला तर कळणार कुणाला? मी सगळ्यांशी सारखेच खोटे बोलत होते, म्हणून ते खरे ठरत होते. शिवाय चाळीस इंच कंबरेच्या गृहस्थाला मी एकोणचाळीस सांगत असे. तो खूश होऊन घरी जाई आणि पुढच्या खेपेला भावालाही घेऊन येई.

पुढे तयार कपड्यांची दुकाने आली. मास्तरांनी मशीन झाकून ठेवले आणि मी बटणांच्या डब्यात गेले. दोन वर्षे मला कुणी विचारले नाही.

मग एक दिवस बाईंनी डबा उघडला. बाई म्हणजे मास्तरांची बायको. दुकानातली सगळी काजे आणि बटणे त्यांच्या हातची. लग्न झाल्यापासून मास्तर त्यांना समुद्र दाखवणार होते आणि दर वर्षी कुणाचा तरी कोट आडवा येत होता. आता कोट संपले होते. आठ दिवसांच्या बोटीच्या सहलीची तिकिटे हातात होती. बोट दूरच्या बंदरातून संध्याकाळी पाचला सुटणार, आणि तिथवर जायला दोन विमाने. विमानात बावीस इंचांपर्यंतचीच बॅग जवळ ठेवता येते असे कळले, तेव्हा मास्तर म्हणाले, विकतची कशाला, मी शिवतो. आणि माझ्या साक्षीने त्यांनी बरोबर बावीस इंचांची जाडजूड कापडी बॅग शिवली.

तुमच्या लक्षात आलेच असेल. मलाही आले होते. पण मला आकडे आहेत, तोंड नाही.

विमानतळावर आमची परीक्षा लगेच सुरू झाली. तपासणीच्या ट्रेमध्ये मास्तरांचे बूट, चष्मा आणि मी अशी आमची वरात निघाली. तिथल्या शिपायाने मला टोकापासून टोकापर्यंत उलगडले आणि सहलीला टेप कशाला, असे विचारले. गळ्यात नसली की मान गार पडते, असे मास्तरांनी सांगितले. मानेबद्दल काही नियम नसावा, त्याने सोडले. पहिल्या विमानाच्या दारावर बॅग कुणी मोजली नाही, पण ते विमान धुक्यामुळे तीन तास जागचे हलले नाही. दुसऱ्याचे दार दोनदा बदलले, दोन्ही वेळा विमानतळाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाई दुखरा गुडघा घेऊन धावल्या. पोहोचलो तेव्हा दार बंद व्हायला पंधरा मिनिटे होती.

दाराशी एक लोखंडी सांगाडा होता. बॅग त्यात बसली तर विमानात. आमची बॅग अडकली.

दारावरच्या मुलीने ती बाहेरच्या काउंटरवर देऊन यायला सांगितले. तिथे जाऊन येईपर्यंत विमान गेले असते, आणि पुढचे विमान पोहोचेपर्यंत बोट.

मास्तर ताठ झाले. “बावीस म्हणजे बावीस आहे. ही टेप चाळीस वर्षं जुनी आहे.”

“म्हणूनच, आजोबा,” मुलगी म्हणाली आणि तिने मला सांगाड्यावरच्या बावीस इंचांना लावून दाखवले. मी साडेएकवीस सांगितले.

मित्रांनो, मेणकापडालाही लाज वाटते. मास्तर एकदा माझ्याकडे, एकदा सांगाड्याकडे पाहत राहिले. “म्हणजे इतकी वर्षं मी...”

“मला ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या. तीस वर्षांपूर्वी घरच्या खिडक्या माझ्यावर मोजून त्या पडद्यांचे कापड आणायला गेल्या होत्या. दुकानदाराने त्याच्या न ताणणाऱ्या लोखंडी गजाने मोजून दिले आणि पडदे तोकडे पडले.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला तिचा एवढा अभिमान. आणि कपडे कुठे बिघडत होते? आता बसा खाली आणि सुई काढा.”

मास्तरांच्या कॉलरखाली सुई-दोरा असतोच. बाईंची सुई पर्समध्ये. बाईंनी बॅगेतला जाड स्वेटर अंगात चढवून जागा केली, आणि दोघे तिथेच फरशीवर बसले. एक कड त्यांनी धरली, एक बाईंनी, आणि कापड आत दुमडून भराभर टाके सुरू झाले. दोरा दातांनी तोडला. मास्तरांचे दात बसवलेले, म्हणून बाईंच्या. मला कुणी हात लावला नाही. मुलीने शेवटची सूचना जाहीर केली, पण शुद्धलेखन घालावे इतकी सावकाश. बॅग सांगाड्यात गेली. “पळा, आजी,” ती म्हणाली.

विमानातून उतरून आम्ही धावतच बंदर गाठले, बोटीवर चढलो आणि पाचच मिनिटांत तिचा जिना वर घेतला गेला. किनारा दिसेनासा होईपर्यंत बाई कठड्याशी उभ्या होत्या. मास्तरांनी मला गळ्यातून काढले. आता मी पाण्यात, असे मला वाटले.

“खोटारडी,” ते मला म्हणाले, आणि मला बाईंच्या कंबरेभोवती धरून त्यांनी आकडा वाचला. “छत्तीस.”

“खरं सांगा.”

“हिच्या मापानं छत्तीस. मी दुसरं माप वापरत नाही.”

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकू नका. त्यांच्या चुका तुम्हीच केलेल्या असतात. त्यांना जपा, पुसा आणि मुख्य म्हणजे ताणू नका. एवढीच माझी तुम्हाला कळकळीची विनंती होती. पण आत्ता दुसरी एक निकडीची आहे. मास्तरांनी मला केबिनमधल्या दोन खुंट्यांना बांधून माझ्यावर चार ओले मोजे वाळत घातले आहेत. कुणी इकडून जात असाल, तर निदान डावीकडचा लोकरीचा तेवढा काढा.