बोलोन्याचा बोलका दगड

लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या एका जुन्या हॉलच्या तळघरात साठ माणसं अनवाणी उभी. कोपऱ्यात झेंडूची माळ घातलेला विटेएवढा दगड. म्हणे, इटलीतल्या बोलोन्याहून आणलाय आणि त्यातून मेलेली माणसं बोलतात.

"बोलोन्या म्हणजे काय?" पुष्करानंद महाराज माइकवर गरजले. "बोल ना! आपलेच पूर्वज तिथं वसले. ते दोन कलते मनोरे? राम-लक्ष्मणाचे बाण! गावभर कमानींच्या ओसऱ्या? पालखीसाठी!"

मी सत्तर वर्षं थापा मारतेय, पण इतकी निर्लज्ज थाप मलाही जमली नसती.

"मनोरे श्रीमंतांनी तोरा मिरवायला बांधलेत!" मी ओरडले. "आणि गावाचं आधीचं नाव फेलसिना. म्हणजे काय, फसली ना?"

"आजींना बसवा," महाराज म्हणाले.

माझी मैत्रीण अलका दगडाला कान लावून म्हणाली, "अहो, बोला ना." तिचे राजीव जाऊन वर्ष झालेलं. ऐकून ती डोळे पुसत माझ्याकडे आली. "हे परत म्हणाले, 'अलके, इन्सुलिन सोड.' रविवारपासून सोडलंय गं मी."

"शुगर किती?"

"बावीस." म्हणजे भारतातल्या मापानं चारशेच्या घरात.

माझं डोकंच फिरलं. वर बघितलं, तर विटांचं कमानदार छत. लेकीबरोबर बोलोन्याला गेले होते, तेव्हा भर चौकात, जुन्या कारभाऱ्यांच्या महालाखाली असंच छत बघितलं होतं. एका कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजलं की आवाज कमानीवरून सरकत समोरच्या तिरक्या कोपऱ्यात उतरतो. पूर्वी पाद्री म्हणे कुष्ठरोग्यांचे कबुलीजबाब असेच लांबून ऐकायचे.

"परत जाऊन कान लाव," मी अलकाला म्हटलं आणि तिरका कोपरा गाठला. तिथं पडदा. आत महाराजांचा शिष्य क्षितिज भिंतीला तोंड लावून, हातात कागद: 'अलका. नवरा राजीव. अलके म्हणायचा.'

"सरक, मेल्या!" मी त्याला ढकललं आणि भिंतीशी कुजबुजले, "अलके, हा राजीव नाही, मी बोलतेय. इन्सुलिन घे, नाहीतर कानाखाली देईन."

अलका दचकून वळली. मी पडदाच ओढून पाडला.

"बघा! शक्ती आजींच्यात शिरली!" महाराज ओरडले.

"शक्ती कसली? विटा आहेत विटा! या, कुणीही बोलून बघा!"

लोक आळीपाळीनं दोन्ही कोपऱ्यांत उभे राहिले. दगड बाजूला ठेवला तरी भिंत बोलतच होती. महाराज माइक टाकून जिन्याकडे सटकले.

अलका खाली बसून रडत होती. "अलके म्हणणारं आता कुणी नाही गं."

"मी म्हणते ना. ऊठ, अलके." मी तिथूनच वन-वन-वनला, इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या नंबरला, फोन लावला.

तेव्हा ऐका माझं. आवाज आला की हात जोडायच्या आधी बोलणाऱ्याचं तोंड शोधा. आणि औषध थांबवायचं की नाही, ते दगडाला नाही, डॉक्टरला विचारा.